शिंपिणीची गोड टेप

शिंपिणीच्या दुकानात दोन टेपा होत्या. एक खरी, एक गोड.

खरी टेप कापड बेतायच्या फळीखालच्या खणात असायची, कात्री आणि खडूच्या सोबतीला. गोड टेप आरशाशेजारच्या खिळ्यावर लटकायची, गिऱ्हाइकांच्या नजरेसमोर. दिसायला दोघी जुळ्या बहिणी. फरक एवढाच, की गोड टेपेच्या सुरुवातीला, पितळी टोकाच्या लगेच पुढे, दोन इंचांची कोरी पिवळी पट्टी जोडलेली होती. जोड इतका बारीक, की डोळ्यांना दिसू नये, बोटालाच काय तो लागावा. या टेपेनं मोजलं, की छत्तीसची कंबर चौतीस भरायची.

शिंपीण मोठ्यानं "चौतीस" म्हणायची, गिऱ्हाईक आरशात बघून सुखावायचं, आणि वहीत ती गुपचूप छत्तीस लिहायची. कपडा छत्तीसचा शिवला जायचा, तो अंगावर मऊ बसायचा. मग बायका एकमेकींना सांगायच्या, "दुसरीकडे चौतीसचा टाकला की काखेत काचतो. हिच्या हाताला गुण आहे."

ही टेप तिनं वीस वर्षांपूर्वी केली. एक मुलगी पहिल्या नोकरीसाठी कोट शिवायला आली होती. आपला आकडा ऐकला, काही न बोलता कापडाची घडी घातली आणि निघून गेली ती गेलीच. शिंपिणीच्या मनाला ते लागलं. आकडा तोंडातून जरा मऊ निघाला असता, तर काय आकाश कोसळलं असतं? त्याच दिवशी तिनं दोन इंचांची पट्टी कापली. आपण खोटं बोलतोय असं तिला कधी वाटलं नाही. कडू गोळीवर साखर चढवतात, तसंच हे. मात्र गुपित कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. नवरा त्याच दुकानात इस्त्री करायचा, आणि इस्त्री करणाऱ्याला कपडा सरळ झाल्याशी मतलब.

शिंपिणीच्या थोरल्या जाऊबाई वरच्या मजल्यावर राहायच्या. शाळेच्या स्वयंपाकघराच्या त्या मुख्य. रोज दोनशे दहा मुलांचं जेवण त्यांच्या हाताखालून जायचं, आणि वजनकाट्यावर चढल्याशिवाय तिथं मिठाचा खडाही पातेल्यात पडत नसे. पंचावन्न वर्षं त्यांनी आजारपणाला दाराबाहेर उभं केलं होतं. ताप आला तर त्या तापालाच रागवायच्या.

पण अलीकडे जिना चढताना त्या मधल्या वळणावर थांबायला लागल्या होत्या. तिथं एक खिडकी होती. खिडकीतून समोरच्या भिंतीशिवाय काही दिसत नसे.

"काय बघताय, जाऊबाई?" शिंपिणीनं एकदा खालून विचारलं.

"भिंत. रंग उडालाय तिचा."

"काल पण तीच बघत होतात."

"काल कमी उडाला होता."

शिवाय दुपारी त्या बटाट्यांच्या पोत्यावर बसून राहायच्या, हे शाळेच्या शिपायानं सांगितलं होतं. उभ्या उभ्या दहा जणींना कामाला लावणारी बाई बसली, हीच त्याला बातमी वाटली होती. आणि मधूनच त्या डावा गाल दाबून धरायच्या. विचारलं की म्हणायच्या, "दाढ आहे."

"एकदा तपासून घ्या. हृदयाचं काही असलं तर?"

"हृदयाचं दुखणं पुरुषांचं. छातीवर हात ठेवतात आणि धाडकन पडतात. मला पडायला वेळ कुठाय, धाकटे?"

त्याच आठवड्यात दुकानाशेजारच्या हॉलच्या दारावर कागद लागला. बायकांच्या हृदयाची तपासणी, शनिवारी सकाळी. रक्त तपासायचं यंत्र एकच असल्यामुळे आधी कंबर मोजली जाणार होती. तक्त्यावरच्या तांबड्या रेघेबाहेर जिची कंबर जाईल, तिचा रक्तदाब आणि रक्त पुढे तपासणार. शिंपिणीनं जाऊबाईंना हाताला धरून तो कागद वाचायला नेलं.

जाऊबाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "पैज लावतेस? माझी कंबर रेघेच्या आत भरली, तर यापुढे डॉक्टरचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. जन्मात नाही. बाहेर भरली, तर तू म्हणशील ती सुई टोचून घेईन."

शिंपिणीला मनातून उकळ्या फुटल्या. गेल्याच महिन्यात तिनं जाऊबाईंना चार एप्रन शिवून दिले होते. खरं माप तिला तोंडपाठ होतं. रेघेच्या चांगलं दीड इंच बाहेर. शिंपिणीशी कंबरेवरून पैज लावणं म्हणजे कोळ्याशी पोहण्याची पैज लावण्यातला प्रकार.

"लागली," ती म्हणाली. "पण नंतर मागं फिरायचं नाही हं."

"मागं फिरणारी मी नव्हे," जाऊबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

शनिवारी सकाळी शिंपीण बटणं आणायला बाजारात गेली. बाजारातून निघायला तिला उशीर झाला, पण मनाला घोर नव्हता. पैज जिंकल्यातच जमा होती. दुकानात आली आणि सवयीनं खिळ्याकडे हात गेला. खिळा रिकामा होता.

"इथली टेप कुठाय?"

"ती होय? हॉलमधल्या सिस्टर घेऊन गेल्या," नवरा इस्त्री फिरवत म्हणाला. "त्यांची गुंडाळायची टेप अडकली. आत जाईना की बाहेर येईना. म्हटलं, न्या की. शेजारधर्म आहे."

"खणातली का नाही दिली?"

"तिच्यासाठी इस्त्री ठेवून उठावं लागलं असतं. टेप ती टेप. तिच्यात काय फरक असायचाय?"

वीस वर्षं गुपित सांभाळण्याचा हाच तोटा. ज्याला ते माहीत हवं, नेमकं त्यालाच माहीत नसतं.

हॉलमध्ये ती पळतच शिरली. आत लग्नघरासारखं हसणं-खिदळणं चाललं होतं. बेकरीवाली, टपाल वाटणारी, निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्या हातातली कार्डं एकमेकींना दाखवत होत्या. टेबलाशी पांढऱ्या केसांच्या सिस्टर बसल्या होत्या. पहिलीच्या वर्गाशी बोलावं तसं त्या सगळ्यांशी सावकाश बोलायच्या. त्यांचा चेहरा कौतुकानं फुलला होता.

"इतकी निरोगी गल्ली मी तीस वर्षांत पाहिली नाही," त्या म्हणाल्या. "बत्तीस जणींत दोघीच रेघेबाहेर. मी वर कळवणार आहे, की या बायका काय खातात ते विचारून घ्या."

तेवढ्यात जाऊबाई समोर आल्या आणि कार्ड शिंपिणीच्या नाकासमोर धरलं. "अर्धा इंच आत. दे टाळी."

शिंपिणीनं टाळी दिली नाही. "जाऊबाई, पुन्हा एकदा मोजू या का?"

"का? हरलीस म्हणून?"

"तसं नाही. आज उकडतंय फार. उकाड्यानं टेप सैल पडते."

"मग माझी कंबरही सैल पडली असेल. फिटंफाट." जाऊबाईंनी कार्ड पिशवीत घातलं. "पैज झाली. आता डॉक्टर हा शब्द काढलास, तर तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही."

बोलता बोलता त्यांनी डावा गाल दाबला. शिंपिणीनं ते पाहिलं आणि मग तिला तिथं उभं राहवेना. ती सिस्टरांजवळ गेली, टेबलावरची टेप त्यांच्या हातात दिली आणि हळूच म्हणाली, "पितळेच्या पुढे जरा बोट फिरवून बघा."

सिस्टरांनी बोट फिरवलं. जोडापाशी बोट थांबलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आकडे मोजले.

"शिवण सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "किती वर्षांची?"

"वीस."

"आणि मी हिनं सकाळपासून बत्तीस कंबरा मोजल्या." "चूक माझीही आहे. कंबर बारीक म्हणजे हृदय ठणठणीत, असं नसतंच मुळी. वेळ वाचवायला मी कंबरेवर भिस्त ठेवली. आता सगळ्यांचाच रक्तदाब मोजते. पण त्यांना थांबवणार कोण?"

"तुम्ही सांगा ना, सिस्टर."

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल, म्हातारीचं मोजायचं चुकलं. निम्म्या घरी जातील. तू सांगितलंस तर तुझा राग येईल, पण खरं वाटेल."

या बत्तीस जणी म्हणजे तिचं अख्खं दुकान होतं. एक जरी वाक्य बोललं, तरी उद्यापासून मशीनवर माश्या मारायची वेळ. आणि नाही बोललं, तर जाऊबाई ते कार्ड घेऊन तो जिना चढणार, उद्या चढणार, परवा चढणार. त्या आताच दाराकडे निघाल्या होत्या.

शिंपीण स्टुलावर चढली.

"बायांनो, थांबा. माझी टेप खोटी आहे. दोन इंच कमी दाखवते. मीच केली तशी. वीस वर्षं तुम्हाला मी सगळे आकडे कमी सांगितले."

"म्हणजे माझी चौतीस?" बेकरीवालीनं विचारलं.

"छत्तीस."

"आणि पोर व्हायच्या आधीची बत्तीस?"

"चौतीस."

बेकरीवालीनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे मी कधी बत्तीस नव्हतेच."

"नव्हतीस गं."

"मी तर दुसऱ्या शिंप्याशी कडाकडा भांडले होते," टपालवाली म्हणाली. "कपडा घट्ट केलास म्हणून. त्या बिचाऱ्यानं बरोबर मापाचा शिवला होता. आणि रोज संध्याकाळी बेकरीत जाऊन केकचा तुकडा खाते, तो कशाच्या भरवशावर? या बयेच्या."

"तो भरवसा चांगला होता," बेकरीवाली पटकन म्हणाली. "त्याला नावं ठेवू नकोस."

मुख्याध्यापिकेनं चष्मा पुसला. "दर वेळी दोनच इंच ना? मग गोंधळ नको. प्रत्येकीनं आपल्या कार्डावर दोन मिळवा, आणि रांगेत उभ्या राहा. बोलणी नंतर."

चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज होता. बायका कुरकुरत, शिंपिणीकडे डोळे वटारत रांगेत उभ्या राहिल्या. जाऊबाई तेवढ्या दारातच होत्या.

"तुम्हीही या ना," शिंपीण स्टुलावरून उतरून म्हणाली.

"मी कशाला? टेप खोटी असेल, पैज खरी होती. कुठल्या टेपेनं मोजायचं, ते काही ठरलं नव्हतं."

"जाऊबाई, लबाडी केली मी."

"केलीस आणि हरलीस. लबाडी करून हरणारी माझ्या पाहण्यात तू पहिलीच. त्याला मी काय करू?"

बायका रांगेतून ऐकत होत्या. रडून काही होणार नव्हतं. जाऊबाईंपुढे रडणाऱ्याला त्या कांदे चिरायला बसवत. तिनं दुसरीकडून सुरुवात केली.

"एक विचारू? समजा, सकाळी तुम्ही दोनशे दहा मुलांचं मोजून टाकलंत, शिजवलंत. आणि वाढायच्या वेळी कळलं की काटा खोटा आहे. तर वाढाल?"

"नाव नको. पातेलं बाजूला. सगळं पुन्हा मोजायचं."

"मुलं तर भुकेली बसलीत. आणि काट्यानं बरोबर भरलं होतंच की."

"खोट्या काट्याच्या बरोबरला काय चाटायचंय? मिठाचा घोळ झाला तर दोनशे दहा पोरं—" जाऊबाई थांबल्या. त्यांनी शिंपिणीकडे असं बघितलं, की रांगेतली शेवटची बाईसुद्धा एक पाऊल मागं सरली. "शब्दांत पकडतेस मला?"

"तुमच्याच हाताखाली वाढले."

जाऊबाई परत आल्या आणि सिस्टरांसमोरच्या खुर्चीवर बसल्या. "मोजा. दाबाचं काय ते मोजा, आणि मला मोकळं करा."

सिस्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, उतरू दिला. मग पुन्हा फुगवला. मग दुसऱ्या दंडाला बांधला.

"तिसऱ्यांदा?" जाऊबाई म्हणाल्या. "तुमचंही यंत्र खोटं का?"

"नाही. म्हणून तर तीनदा मोजलं. जिना चढताना दम लागतो?"

"थोडा."

"भिंती बघत उभ्या राहतात," शिंपीण म्हणाली.

"पाठ भरून येते? थकवा जात नाही? आणि हे गालाचं काय?"

"दाढ आहे हो."

"तोंड उघडा." सिस्टरांनी बॅटरीचा उजेड पाडला. "कुठली?"

जाऊबाईंनी बोटानं दाखवलं. सिस्टर वाकून बघत राहिल्या. "इथं तर दाढच नाही."

"नाहीच. चार वर्षांपूर्वी काढली ती."

"मग दुखतंय काय?"

जाऊबाई तोंड उघडं ठेवूनच विचारात पडल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला पण जरा नवलच वाटत होतं."

सिस्टर हसल्या नाहीत. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मूठ वळा. एवढं असतं हृदय. त्याला रक्त कमी पडलं की ते कळवतं. छातीत कळ मारून कळवतं, तसं पुष्कळदा बायकांच्या बाबतीत आडूनही कळवतं. जबड्यात, पाठीत, दम लागून, मळमळून, झोप झाली तरी न जाणाऱ्या थकव्यानं. आपण म्हणतो दाढ, आपण म्हणतो पित्त, आणि कामाला लागतो. छातीवर हात ठेवून पडायची वाट बघायची नाही." मग जाऊबाईंकडे वळल्या. "तुम्ही आता दवाखान्यात जायचं. गाडी मागवते."

"दवाखाना जवळच आहे. चालत जाते."

"एक पाऊल टाकायचं नाही."

असं जाऊबाईंना त्यांच्या आयुष्यात कुणी म्हणालं नव्हतं. त्या इतक्या चकित झाल्या, की बसून राहिल्या. गाडीत आडवं केल्यावर मात्र त्यांनी शिंपिणीचा हात घट्ट धरला आणि दवाखान्याच्या दारापर्यंत सोमवारच्या सुपात किती पाणी, किती वाटाणे आणि किती मीठ ते तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. हात गार पडला होता. शिंपिणीनं तो सोडला नाही.

हृदयाची एक नळी बरीच अरुंद झाली होती. डॉक्टरांनी तिच्यात बारीक जाळी बसवली. "झटका अजून आला नव्हता," ते म्हणाले, "पण घरातून निघाला होता." पाच दिवसांनी जाऊबाई गोळ्यांची डबी घेऊन घरी आल्या. त्या पाच दिवसांत त्यांनी दवाखान्याच्या स्वयंपाकघराला आठ सूचना केल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन मान्यही झाल्या होत्या.

हॉलमध्ये त्या दिवशी बाकीच्यांतल्या नऊ जणींचा रक्तदाब वाढलेला निघाला. दोघींची साखर. त्यांच्यापैकी एकीचीही काही तक्रार नव्हती. नऊतली एक बेकरीवाली होती, आणि एक शिंपीण. वीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईचं माप घ्यायचं आजवर कुणाला सुचलंच नव्हतं. मशीनवर बसून बसून आणि जेवणात वरून मीठ घेऊन घेऊन दाब हळूहळू वर सरकला होता. गोळ्या लगेच नकोत, सिस्टर म्हणाल्या. मीठ कमी करा, रोज अर्धा तास चाला, महिन्यानं या.

दुकानात मात्र शुकशुकाट पसरला. एक दिवस गेला, दोन गेले. नवरा इस्त्री केलेल्याच कपड्यांना पुन्हा इस्त्री करत बसला. "मला सांगितलं असतंस, तर मी खणातली दिली असती," असं तो दिवसातून चारदा म्हणायचा. आठव्या दिवशी बेकरीवाली आत आली, तिनं दार लावून घेतलं आणि पडदाही ओढला.

"खरी टेप काढ," ती म्हणाली. "पण आकडा बोलू नकोस. लिही."

शिंपिणीनं मोजलं आणि लिहिलं. बेकरीवाली दोन वेळा दाराकडे गेली, दोन वेळा परत आली.

"बरं, दाखव." बघितलं. श्वास सोडला. "असू दे. आहे ते आहे. दोन महिन्यांनी पुन्हा मोजशील? चालायला लागलेय मी, सकाळची भट्टी लावून झाली की." आणि दार उघडताना म्हणाली, "कपडा मात्र पूर्वीसारखा मऊ बसव. नाहीतर तुझा राग राहीलच."

मग एकेक करून बाकीच्याही आल्या. सगळ्या नाही. टपालवाली आली ती थेट त्या दुसऱ्या शिंप्याची माफी मागून, आणि त्याच्याकडे दोन कपडे टाकून.

जाऊबाईंना डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला सांगितलं. तिथं नवीनच अडचण उभी राहिली. काम नसताना चालायचं कसं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"लोक काय म्हणतील? हिला काही उद्योग नाही," त्या पहिल्या संध्याकाळी दारात उभ्या राहून म्हणाल्या, आणि आतून एक रिकामी पिशवी घेऊन आल्या.

"पिशवी कशाला?"

"हातात पिशवी असली की माणूस कामाला निघाल्यासारखं दिसतं. तूही घे एक."

दोघी जावा रिकाम्या पिशव्या घेऊन चालायला लागल्या. कोपऱ्यावरच्या चांभारानं विचारलं, कुठं निघालात? जाऊबाई म्हणाल्या, बटाटे आणायला. पुढे चष्मेवाल्यानं विचारलं. त्याला त्या म्हणाल्या, कांदे. येताना चांभारानं रिकाम्या पिशवीकडे पाहिलं, तर त्याला ऐकवलं, की आजचे बटाटे आपल्याला पसंत पडले नाहीत. असे पंधरा दिवस गेले. साऱ्या रस्त्याला वाटायला लागलं, की या बाईच्या नजरेला एकही भाजी उतरत नाही.

सोळाव्या दिवशी त्या पहिल्यांदा चढाच्या रस्त्यानं निघाल्या. डॉक्टरांनी आता परवानगी दिली होती. निम्म्या चढावर शिंपीण काहीतरी सांगत होती, आणि तिच्या लक्षात आलं, की शेजारी कुणी नाही. तिनं वळून पाहिलं. जाऊबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या.

तेवढ्यात हॉलमधल्या त्याच सिस्टर समोरून सायकल हातात धरून उतरत आल्या. "काय हो, कुठं निघालात?"

शिंपिणीला उत्तर पाठ होतं. ती बटाटे म्हणणार, तोच जाऊबाईंनी पिशवीची घडी घातली आणि पायरीवर स्वतःखाली सरकवली.

"कुठं नाही," त्या म्हणाल्या. "चालत होते. दम लागला, म्हणून बसलेय."

"मग बसा दोन मिनिटं. गाल?"

"गाल बरा आहे. आज नुसता दम." त्यांनी पायरीवर थोडं सरकून जागा केली. "तू उभी काय राहिलीस, धाकटे? तुझाही दाब काही कमी नाही."

शिंपीण त्यांच्या शेजारी बसली. सिस्टरांनी सायकल भिंतीला टेकवली आणि जाऊबाईंच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघायला लागल्या. ठोके मोजून झाल्यावर त्यांनी आकडा सांगितला, आणि जाऊबाईंनी तो दोनदा म्हणून पाठ करून ठेवला.